आकड्यांचा तक्ता आणि पंचवीस टक्क्यांची मर्यादा

धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतील निसरपूर हे गाव सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात होते. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि त्या वर्षी निसरपूरच्या जुन्या वस्तीत पाणी शिरले. या प्रकल्पात मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातमधील १९ गावे बाधित झाली. महाराष्ट्रातील गावे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात मोडतात. राज्ये निराळी असली तरी तिन्हींना नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ सालचा निवाडा लागू आहे.

निवाड्यातील जमिनीचा नियम थोडक्यात असा : ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल, त्यास संपादित जमिनीइतकी, परंतु २ हेक्टरांहून कमी नाही अशी सिंचनक्षम जमीन कमाल जमीनधारणा कायद्याच्या मर्यादेत द्यावयाची. या नियमाचे वजन किती आहे, हे पुढील घटनेवरून कळून येईल. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील, जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना २ हेक्टरांपोटी प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खातेदाराची एकूण जमीन ४ हेक्टर असून संपादित जमीन १.०१ हेक्टर आहे. हे प्रमाण २५.२५ टक्के होते. म्हणजे कुटुंब पात्र ठरते. परंतु नोंदवहीत हाताने हिशेब करताना अपूर्णांक सोडून ‘२५’ एवढेच लिहिले गेले, तर तेच कुटुंब अपात्र ठरेल. अशा ठिकाणी संगणकावरील आकड्यांचा तक्ता उपयोगी पडतो.

असा पहिला प्रसिद्ध तक्ता, ‘व्हिजिकॅल्क’, हाही १९७९ सालचाच. पुढे जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमातून ‘एससी’ हा तक्ता विकसित झाला. ‘एससी-आयएम’ ही त्याची सुधारित आवृत्ती होय. ती साध्या टर्मिनलवर, केवळ कळफलकाच्या साहाय्याने चालते. तीस माऊस लागत नाही, आणि जुना, कमी शक्तीचा संगणकही पुरतो.

तक्त्यात उभ्या स्तंभांना रोमन अक्षरे व आडव्या ओळींना शून्यापासून क्रमांक असतात. एच, जे, के व एल या कळांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर व उजवीकडे जाता येते. संख्या किंवा सूत्र भरण्यापूर्वी बरोबरीचे चिन्ह, तर मजकूर भरण्यापूर्वी ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह दाबावे. यू या कळीने शेवटची कृती मागे घेता येते.

ए स्तंभात खाते क्रमांक, बी मध्ये एकूण जमीन आणि सी मध्ये संपादित जमीन भरावी. डी० या घरात ‘सी० गुणिले १०० भागिले बी०’ हे सूत्र लिहावे. नियमातील २५ व २ हे आकडे जी० व जी१ या स्वतंत्र घरांत ठेवावेत. देय जमिनीचे सूत्र ई० मध्ये असे येईल :

डी० > जी० ? (सी० < जी१ ? जी१ : सी०) : ०

प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘असेल तर’ आणि अपूर्णविरामाचा अर्थ ‘नसेल तर’. (प्रत्यक्ष टंकन रोमन अक्षरांत व अंकांत करावयाचे असते.) वरील उदाहरणात उत्तर २ येते. संपादित जमीन नेमकी १ हेक्टर असती, तर प्रमाण बरोबर २५ टक्के झाले असते आणि उत्तर शून्य आले असते. कारण नियमात ‘२५ टक्क्यांहून अधिक’ असे शब्द आहेत.

पडद्यावर दशांश न दाखविल्यास २५ दिसेल. परंतु घरात २५.२५ हीच संख्या राहते आणि निर्णय तीवरच होतो. मोजणीचा आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सर्व घरे पुन्हा मोजली जातात. शिवाय फाईल साध्या मजकुराच्या रूपात जतन होत असल्याने कोणते सूत्र वापरले हे कोणासही वाचता येते.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. चुकून मजकूर म्हणून भरलेला आकडा बेरजेत धरला जात नाही. सूत्राची नक्कल खालच्या ओळींत उतरविल्यावर प्रत्येक ओळ स्वतःच्याच आकड्यांकडे पाहत आहे ना, आणि जी० व जी१ हे संदर्भ सरकले नाहीत ना, हे तपासावे. कमाल धारणेची मर्यादा वरील सूत्रात नाही. ती स्वतंत्रपणे पाहावी. निवाड्यानुसार सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला जातो. त्याची ओळ राहून गेली तर तक्ता ते सांगणार नाही.

मोजणी चुकीची असेल, तर उत्तरही अचूकपणे चुकीचेच येईल. म्हणून छापील तक्ता सूत्रांसह ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि शिक्षकांनी दोन-चार ओळींचा हिशेब फळ्यावर सोडवून दाखवावा. आपल्या हक्काचा आकडा कसा निघाला, हे खातेदारास स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे.