बांधावरचा मध (भाग ५) : पावसाळ्याची बेगमी

मागच्या भागात पेट्या कुठे मांडायच्या, सावली आणि पाण्याची सोय कशी लावायची ते पाहिलं. या वेळी पैशाकडे येऊ. मधाचा हिशेब बहुतेक जण भावापासून सुरू करतात. इतक्या पेट्या, पेटीमागे इतका मध, किलोला इतका भाव. माझं सांगणं आहे की हिशेब जूनपासून मांडा. मधाचा पैसा वर्षातल्या तीन-चार महिन्यांत येतो, पण माश्यांना बाराही महिने खायला लागतं.

पहिल्या वर्षाचा धडा

माझ्या पहिल्या हंगामात सूर्यफूल आणि कांदा बीजोत्पादनाच्या फुलोऱ्यावर पाचही पेट्या छान भरल्या. एप्रिलअखेरच्या काढणीत मी एकही भरलेली चौकट मागे ठेवली नाही. आलेल्या पैशात ठिबकच्या नळ्या घेतल्या. जूनमध्ये झड लागली आणि साखर आणायला हात आखडला. श्रावणात एक पेटी मागच्या बाजूने उचलून पाहिली, तर ती रिकाम्या खोक्यासारखी हलकी लागली. आत मधल्या पोळ्यावर राणीभोवती मूठभर माश्या उरल्या होत्या. कित्येक माश्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून तशाच मेल्या होत्या. कडेच्या पोळ्यांवर मेणकिड्याने जाळी विणली होती.

त्या पावसाळ्यात पाचातल्या दोन पेट्या गेल्या. शेवटच्या काढणीत त्यांच्यातून जो मध घेतला, त्याच्या पैशात नव्या दोन वसाहती येणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मी वहीत माश्यांची नोंद भांडवलात करतो आणि त्यांचं खाणं पहिला खर्च म्हणून लिहितो.

फुलोऱ्याचं पंचांग

देशावर एकाच जागी पेट्या ठेवणाऱ्याचं वर्ष साधारण असं जातं. ऑक्टोबरपासून वसाहत वाढू लागते. थंडीत तूर, सूर्यफूल, धने, ओवा, शेवगा असं एकामागून एक फुलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे गोंडे उमलतात. मे तापला की मकरंद आटतो, आणि पुढचे चार महिने पावसामुळे माश्यांना धड बाहेर पडता येत नाही. तीळ, मका, बाजरीचा थोडा आधार मिळतो तेवढाच. सह्याद्रीत सातेरी माशी पाळणाऱ्यांचा फुलोरा वेगळा, तरी पावसाळ्याची अडचण तीच.

तुमच्या दोन किलोमीटरच्या परिघात काय पिकतं, काय कधी फुलतं, हे आधी लिहून काढा. उत्पन्नाचा सगळा अंदाज त्या यादीवरच बेतायचा आहे.

दहा पेट्यांचा नमुना हिशेब

खालचे आकडे रीत समजावी म्हणून धरलेत. भाव तुमच्या भागातले घाला.

समजा, मेलिफेरा माश्यांसह एक पेटी ५,००० रुपयांना पडली. दहा पेट्यांचे ५०,००० आणि मध काढायचं यंत्र, धुरांडं, जाळीची टोपी, सुरी, स्टँड यांचे १५,००० धरले, तर भांडवल ६५,००० रुपये होतं.

आता जमा बाजू. दहा पेट्या असल्या तरी मध आठांचाच धरा. एखादी राणी निकामी होते, एखादी वसाहत दुबळी पडते, एखादी फोडून दोन करावी लागते. आठ पेट्यांचे प्रत्येकी १५ किलो, म्हणजे १२० किलो. त्यातला अर्धा, ६० किलो, ओळखीत आणि आठवडे बाजारात ४०० रुपयांनी गेला तर २४,०००. उरलेला ६० किलो ठोक व्यापाऱ्याला १५० रुपयांनी दिला तर ९,०००. परागीभवनासाठी आठ पेट्या बीजोत्पादकाला भाड्याने दिल्या आणि पेटीमागे १,००० मिळाले, तर ८,०००. एकूण जमा ४१,०००.

खर्चात पावसाळ्यासाठी पेटीला १० किलोप्रमाणे १०० किलो साखर, ४५ रुपयांनी ४,५००. मेणपत्रे १,५००. वरोआ कोळी आणि मेणकिड्याचा बंदोबस्त १,०००. अर्ध्या किलोच्या १२० बाटल्या, लेबलसह २० रुपयांनी २,४००. वाहतूक ३,०००. लाकूड आणि अवजारांची झीज ५,०००. आठवड्याला तुमचा अर्धा दिवस, २५० रुपयांनी वर्षाचे १३,०००. एकूण ३०,४००.

शिल्लक राहिली १०,६००. आकडा लहान आहे, पण खरा आहे. स्वतःची मजुरी लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो. ती लिहिली नाही तर धंदा फायद्यात आहे की घरचे कष्ट तोटा झाकताहेत, हे कधीच कळत नाही. याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते. निम्माच मध थेट गिऱ्हाइकाकडे गेला, तरी मधाच्या ३३,००० पैकी २४,००० त्यानेच आणले.

जूनची पिशवी

साखर, मेणपत्रे आणि रोगकिडीचा बंदोबस्त मिळून ७,००० रुपये लागतात, आणि ते नव्या मधाचा एक थेंब हाती येण्याआधी लागतात. म्हणून मार्चच्या पहिल्या विक्रीतूनच ७,००० बाजूला काढा. वेगळं बचत खातं असेल तर उत्तम, नाहीतर घरात वेगळी पिशवी ठेवा. पेरणीच्या दिवसांत बियाणं-खतासाठी हात हमखास त्या पिशवीकडे वळेल. तेवढा आवरा.

शेवटच्या काढणीत प्रत्येक पेटीत दोन-तीन भरलेल्या चौकटी ठेवाच. साखरेचा पाक हा आधार आहे, मधाची बरोबरी त्याला नाही. हंगामात मध भरू लागला की पाक पूर्ण बंद करा. त्या दिवसांत दिलेली साखर पोळ्यात साठते आणि बाटलीत भेसळ होऊन उतरते.

कर्ज घ्यायचं तर हप्ता महिन्याचा बांधून घेऊ नका. काढणीनंतर, एप्रिलमध्ये, वर्षाला एकदा फेडायची मुभा मागा. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि साहित्यासाठी अनुदान आहे, त्याची चौकशी जरूर करा. पण अनुदान जमा बाजूला मांडू नका. आलं की त्यातून कर्ज हलकं करा. ते आल्याशिवाय ज्याचा मेळ बसत नाही, तो हिशेब कच्चा समजावा.

पेट्या भाड्याने देताना तारखा, पैसे आणि फवारणीची अट कागदावर लिहून घ्या. फवारणीची खबर दोन दिवस आधी मिळायला हवी. दिवसा मारलेलं एक कीटकनाशक वर्षाचं भाडं आणि भांडवल दोन्ही बुडवू शकतं.

या आठवड्याचं काम असं. वहीत बारा रकाने आखा, पहिला जूनचा. प्रत्येकात तीन ओळी लिहा : काय फुलतं, काय येतं, काय जातं. ज्या महिन्यांत पहिल्या दोन ओळी कोऱ्या राहतील, त्यांचा खर्च कुठल्या महिन्यातून काढणार तेही तिथेच लिहा. हे लिहून झाल्यावर पेट्यांची संख्या ठरवा. पाच पेट्यांची बेगमी जमत असेल तर पाचच घ्या. पाचही पेट्या पावसाळ्यातून तगल्या, तर पुढच्या साली त्याच फोडून वाढवता येतात आणि वाढीव वसाहती विकत घ्याव्या लागत नाहीत.

(पुढील भागात : मधातलं पाणी, बाटलीचं माप आणि लेबल)