आधी डोळा टिपा

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात हिवाळी सकाळी होड्या निघतात, तेव्हा बहुतेक होड्यांत कुणी तरी मोठी लेन्स घेऊन बसलेलं असतं आणि शेजारी घरची माणसं. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी, डोक्यावर उडणारे कुरव, होडीच्या टोकाशी पोरं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं रेखीव दिसतं. घरी फोटो मोठे करून पाहिले की कुरवाचा डोळा पुसटलेला असतो, मुलाच्या पापण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. मग नवी लेन्स घ्यायच्या गोष्टी निघतात. मला ते पटत नाही. फोटोचा रेखीवपणा आधी शटरच्या वेगावर ठरतो, मग डोळ्यावर धरलेल्या फोकसवर. लेन्सचा विचार त्यानंतर.

साधा हिशेब करून पाहा. पोर सेकंदाला तीन मीटर वेगाने समोरून आडवं धावलं, तर १/१२५ सेकंदात ते जवळजवळ अडीच सेंटीमीटर सरकतं. तेवढ्यात डोळा पुसला गेलाच. १/१००० ला तेच अंतर तीन मिलिमीटर. म्हणून धावती पोरं आणि कुत्री टिपताना मी १/१००० च्या खाली उतरत नाही. उडत्या कुरवासाठी १/२००० ठेवतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याचं धावणं थांबवत नाही. उजेड कमी असेल तर आयएसओ बेलाशक वाढवावा. दाणेदार फोटो बराच सुधारता येतो, हललेला फोटो तसाच राहतो.

होडीत इंजिनाची थरथर असते. लेन्स काठावर टेकवली की ती थेट फोटोत उतरते. कोपर पोटाशी घट्ट धरून कॅमेरा हातावरच तोलावा आणि नावाडीदादांना इंजिन बंद करायला सांगावं. बांबूने रेटत नेलेली होडी फोटोला फार चांगली, पक्ष्यांनाही.

फोकसचं गणित माणसांच्या बाबतीत जास्त फसवं. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडून दोन मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो काढला, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात रेखीव पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा मिळतो. आजीच्या मांडीवर नातू असेल तर एकाचाच डोळा स्पष्ट येणार. अशा वेळी एफ ५.६ किंवा ८ बरं, आणि फोकस पुढच्या चेहऱ्यावर. पोरांना ‘इकडे बघ’ म्हणू नये. ती खेळत असताना आपण खाली बसावं, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा आणि कंटिन्युअस फोकस लावून वाट पाहावी.

इंदापूरकडच्या माळावर चिंकाऱ्याच्या बाबतीतही वाट पाहणंच कामी येतं. घाबरून पळालेला चिंकारा थोडं अंतर गेल्यावर अनेकदा थबकून मागे वळून पाहतो. तो क्षण माहीत असेल तर धावताना बटण दाबत सुटावं लागत नाही. मात्र फोकसचा एकच लहान बिंदू निवडावा. नाहीतर कॅमेरा पुढच्या कुसळी गवतावरच अडकतो आणि हरिण मागे धूसर राहतं.

ऊन चढल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा. पाण्यावरून आणि माळावरून झळा उठतात, हवाच थरथरते. मग दूरच्या रोहिताचे पाय महागड्या लेन्सनेही वाकडेतिकडे येतात. त्यावर उपाय म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे लोक असतात. याचा मला संताप येतो. दुरून आलेला पक्षी चरायचं सोडून उडतो, त्याची ताकद फुकट जाते आणि फोटोत बहुधा पाठच येते.

तेव्हा सूर्योदयाला पाण्यावर पोहोचा, कोवळ्या उन्हाकडे पाठ ठेवा आणि निघतानाच नावाडीदादांना सांगा: थवा उडवायचा नाही, आम्ही थांबू.