इअरफोन आणि कर्णेंद्रियाची यतना

जैन दर्शनात जीवांची गणना इंद्रियांवरून होते. एकेंद्रिय जीवाला केवळ स्पर्श असतो. पुढे रस, गंध आणि रूप ग्रहण करणारी इंद्रिये क्रमाने येतात. शब्द ग्रहण करणारे कर्णेंद्रिय सर्वांत शेवटी, पंचेंद्रिय जीवालाच लाभते. ‘श्रावक’ या शब्दाच्या मुळाशीही ऐकण्याचीच क्रिया आहे. जिनवाणीचे श्रवण असो वा पेढीवरचा व्यवहार, दोन्ही कानांच्याच भरवशावर चालतात.

आज हेच इंद्रिय दिवसाचे कित्येक तास इअरफोनच्या स्वाधीन असते. सकाळी प्रवचनाचे ध्वनिमुद्रण, दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन, प्रवासात स्तवने, सायंकाळी मुलांचा ऑनलाइन अभ्यास. इअरफोन विकत घेताना किंमत, कंपनी आणि बॅटरी यांची चौकशी होते. तो कानात नीट बसतो की नाही, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सोबत आलेली लहान-मोठी रबरे बहुतेक घरांत खोक्यातच पडून राहतात. वास्तविक कानाचे आरोग्य मोठ्या प्रमाणात त्या रबरांवर अवलंबून असते.

फट राहिली की काय होते?

कुकरची रिंग सैल झाली तर गॅस कितीही मोठा केला तरी आत वाफेचा दाब धरत नाही. कानात घालायच्या इअरफोनचेही तसेच आहे. त्यातील ध्वनी निर्माण करणारा पडदा अवघा काही मिलिमीटरचा असतो. रबर आणि पडदा यांच्यामधील कर्णनलिकेची चिमूटभर जागा बंद झाली, तरच त्या छोट्या पडद्याला खर्जाचे स्वर उमटवण्यापुरता दाब निर्माण करता येतो. जराशी फट राहिली की खर्ज निसटतो आणि केवळ उंच, टोकदार स्वर शिल्लक राहतात. डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो, वक्त्याचा आवाज पातळ व कर्कश वाटतो.

त्याच फटीतून बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. बाजारातील वर्दळ, रेल्वेचा खडखडाट, दुकानातील पंखे यांच्यावर मात करण्यासाठी ऐकणारा आवाज वाढवतो. वाढवलेला आवाज खर्ज परत आणत नाही, उंच स्वरच अधिक तीव्र करतो. दोष रबराच्या मापात असतो आणि दंड कानाला भरावा लागतो. याउलट नीट बसलेले रबर बाहेरचा आवाज बराच अडवते. मग प्रवचनातील शब्दन्‌शब्द कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतो.

हिशेब डेसिबलचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित श्रवणाची मर्यादा 80 डेसिबल आवाजाला आठवड्यास 40 तास अशी आहे. मुलांसाठी तितक्याच तासांना 75 डेसिबल. डेसिबलचे गणित मात्र साध्या बेरजेचे नाही. आवाज 3 डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे 80 डेसिबलला 40 तास चालतील, तर 83 डेसिबलला 20, 86 डेसिबलला 10 आणि 89 डेसिबलला केवळ 5 तास, तेही संपूर्ण आठवड्यात. चक्रवाढ व्याज जाणणाऱ्या व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आतील कानात शंखाच्या आकाराच्या नलिकेत सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या झिजतात आणि मनुष्याच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे भांडवल जन्मतः एकदाच मिळते, त्यात नंतर भर पडत नाही. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा उंच स्वरांपासून सुरू होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने आधी पुसट होतात. मग ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. उतारवयात ऐकू येणारी ही तक्रार तरुणपणीच ओढवून घेण्याचे कारण नाही.

योग्य माप कसे ओळखावे?

प्रारंभ मधल्या मापाने करावा, नंतर लहान व मोठे माप लावून पाहावे. डाव्या व उजव्या कानाची नलिका एकसारखीच असते असे नाही. एका कानाला मधले आणि दुसऱ्याला लहान माप लागले, तर त्यात काही वावगे नाही.

कर्णनलिका सरळ नसून किंचित वळणाची असते. म्हणून इअरफोन घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी हलकेच वर व मागे ओढावी, म्हणजे नलिका सरळ होते. मग इअरफोन थोडा फिरवत आत बसवावा आणि पाळी सोडावी. नुसते दाबून बसवू नये.

रबराऐवजी फोमचे टोक असेल, तर ते बोटांत वळून बारीक करावे, कानात घालावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट तसेच धरून ठेवावे. फोम नलिकेचा आकार घेतो. त्यामुळे ज्यांच्या कानात कोणतेच रबर टिकत नाही त्यांना तो सोयीचा पडतो.

बसले की नाही, याच्या खुणा सोप्या आहेत. आजूबाजूचा आवाज एकदम दूर गेल्यासारखा वाटतो आणि स्वतःचे बोलणे घुमल्यासारखे ऐकू येते. तबल्याचे वादन लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्याबरोबर खर्ज वाढला, तर फट आहे असे समजावे आणि माप बदलावे. नंतर तोंड उघडझाप करून, हसून पाहावे. जबड्याच्या हालचालीने जो निसटतो तो बाजारात दिवसभर टिकणार नाही. अॅपलच्या एअरपॉड्स प्रोसारख्या काही इअरफोनमध्ये ही चाचणी फोनच्या सेटिंगमधूनच करता येते. बाहेरचा गोंगाट रद्द करणारी सोय असलेल्या इअरफोनलाही ही बंदिस्ती लागतेच. फट असेल तर ती महागडी सोय निम्मी वाया जाते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. रबर नीट बसल्यावर आधीचाच आवाज कानाला अधिक जोराने पोहोचतो. म्हणून माप बदलल्यावर आवाज प्रथम अगदी खाली आणावा आणि शब्द स्पष्ट होतील इतकाच वाढवावा.

घट्ट म्हणजे दुखणे नव्हे

योग्य मापाचा इअरफोन थोड्याच वेळात विसरायला होतो. दहा-पंधरा मिनिटांत ठणका लागला, खाज सुटली किंवा पाळीच्या आतील कडा लाल झाली, तर माप मोठे आहे किंवा आकार त्या कानाला मानवत नाही. लहान माप, फोम किंवा लहान आकाराचा इअरफोन, असे पर्याय क्रमाने पाहावेत. काढतानाही झटका देऊ नये. किंचित फिरवून आधी हवा आत येऊ द्यावी आणि मग सावकाश ओढावा. वायरचा इअरफोन ओझ्याने सुटत असेल, तर वायर कानामागून घ्यावी. लहान मुलांची नलिका अरुंद असते. त्यांना कानात घालायच्या इअरफोनऐवजी आवाजाला मर्यादा असलेला, कानावर बसणारा हेडफोन बरा.

घरातील वडीलधाऱ्यांच्या श्रवणयंत्रालाही हाच नियम लागू आहे. यंत्र वारंवार शिट्टी मारत असेल, तर पुष्कळदा त्याचा कानातील साचा सैल झालेला असतो आणि आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. यंत्र कपाटात ठेवून देण्याऐवजी श्रवणतज्ज्ञाकडून साचा तपासून घ्यावा. आजोबांचे घरातील बोलणे त्यामुळे पुन्हा सुरू होऊ शकते.

स्वच्छता आणि विश्रांती

रबर काढून कोमट साबणपाण्याने धुवावे व पूर्ण कोरडे करूनच परत लावावे. ओलावा राहिला की बुरशी धरते, विशेषतः चातुर्मासाच्या दमट दिवसांत. जैन घरात भांडी ओली न ठेवण्याची जी शिस्त आहे, तीच येथे पाळावी. फोम धुण्याऐवजी कोरड्या फडक्याने पुसावा आणि झिजल्यावर बदलावा. एकाचा इअरफोन दुसऱ्याने वापरू नये. कानातील मळ सहसा आपोआप बाहेर सरकतो. काडी किंवा पिन घालून तो उलट आत ढकलला जातो. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा दुखत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय इअरफोन घालू नये.

कानाला विश्रांतीही हवी. सामायिकाच्या 48 मिनिटांत फोन आपोआप दूर राहतो. दिवसातून आणखी एक-दोन वेळा असा विराम घेणे कठीण नाही.

कोठे काढून ठेवावा?

नीट बसलेला इअरफोन बाहेरचे जग बंद करतो. रस्ता ओलांडताना, दुचाकीवर किंवा रेल्वे फलाटावर हाच गुण घातक ठरतो. चालताना पावलाखालच्या जीवाची काळजी घ्यावी, असे ईर्यासमिती सांगते. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू येणे ही स्वतःच्या व इतरांच्या जिवाची तितकीच आवश्यक काळजी आहे. दुकानात ग्राहक उभा असताना आणि घरात वडीलधारे बोलत असताना तो कानातून काढणे हा साधा शिष्टाचार आहे.

इअरफोन काढल्यावर कानात गुणगुण राहणे, समोरच्याला वारंवार ‘काय?’ विचारावे लागणे, टीव्हीचा आवाज इतरांना असह्य होईल इतका वाढवणे, ही कानाची सूचनापत्रे आहेत. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही ही चाचणी होते. चाचणी वेदनारहित असते आणि थोड्या वेळात पूर्ण होते.

इअरफोनसोबत आलेली ती रबरे आजच खोक्यातून काढून घरातील प्रत्येकाच्या कानाला लावून पाहावीत. त्यासाठी पैसा लागत नाही आणि वेळही दहा मिनिटांहून अधिक जात नाही.