मेंदूच्या बंदरांतील होड्या

मालवणच्या बंदराच्या तोंडाशीं पाण्याखालीं खडक आहेत. पूर्वीं मोठें गलबत बाहेरच नांगर टाकून राही, व माल लहान होड्यांतून आंत येई. त्या होडीवरहि वाट ओळखणारा तांडेल लागे. मिठबावच्या मुलांस हें निराळें सांगावयास नको. मेंदूचें बंदर याहूनहि अवघड आहे.

पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडला, तेव्हां बाकीचीं इंद्रियें रंगलीं. मेंदू मात्र कोरा राहिला. त्याचा शिष्य गोल्डमन यानें १९१३ सालीं मेंदूभोंवतालच्या द्रवांत रंग घातला, तों मेंदू रंगला आणि इतर शरीर कोरें राहिलें! मध्यें भिंत आहे, हें यावरून उघड झालें. मेंदूंतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट जोडलेल्या असतात, तीच ही भिंत. ती विष अडविते, पण बहुतेक औषधेंहि अडविते.

येथें होड्यांची गरज पडते. स्निग्ध द्रव्यें पाण्यांत घोळलीं असतां त्यांच्या आपोआप पोकळ पिशव्या बनतात, हें इंग्लंडांतील बँगहॅम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें. या पिशव्यांस लायपोसोम म्हणतात. शंभर नॅनोमीटर व्यासाच्या दहा हजार पिशव्या ओळीनें मांडल्या, तरी लांबी एक मिलिमीटरच भरेल.

अँफोटेरिसिन हें बुरशीवरील जालीम औषध मूत्रपिंडें बिघडवितें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनीं, दिल्ली विद्यापीठांतील प्रा. बछावत यांच्या सहकार्यानें, तें लायपोसोमांत भरून रुग्णांस दिलें. अपाय पुष्कळ कमी झाला. २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत काळी बुरशी नाकाडोळ्यांतून मेंदूकडे सरकूं लागली, तेव्हां अशाच औषधाच्या एकेका कुपीसाठीं नातलगांस वणवण करावी लागली.

ही होडी भिंत सहज ओलांडते, असें मात्र समजूं नये. तिचा मोठा गुण हा कीं, मात्रा वाढवितां येते. क्रिप्टोकॉकस बुरशीनें मेंदूच्या आवरणास सूज येते, त्या रोगांत अशी एकच मोठी मात्रा, जोडीस दुसरीं दोन औषधें देऊन, जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं मान्य केली.

भिंत ओलांडण्याची युक्ति निराळी आहे. मेंदूस लोह लागतें, व तें वाहून आणणाऱ्या प्रथिनासाठीं भिंतींत ठराविक दारें असतात. त्या दारास ओळखीची वाटेल अशी खूण होडीवर लाविली, तर ती आंत घेतली जाते. उंदरांत हें साधलें आहे. वर्तमानपत्रांतील पुष्कळशा रामबाण उपायांची मजल बहुधा तेथवरच असते! बहुतेक होड्या वाटेंत यकृतच गिळून टाकतें. आणि खूण दाराला फार घट्ट चिकटली, तर होडी उंबरठ्यांतच अडकून राहते.