घरच्या कर्त्याला हसताना

चि. वि. जोशी यांनी चिमणरावांचे अख्खे घर पाखरांनी भरून टाकले. घरचा कर्ता चिमण, बायको काऊ, मुले मोरू, मैना नि राघू. नावांवरून वाटावे, ही निव्वळ व्यंगचित्रे असणार. पण 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ साली आले, पाठोपाठ 'चिमणरावांचे चऱ्हाट' आले आणि आज नव्वद वर्षे उलटली तरी यातले एकही पाखरू उडून गेलेले नाही. बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवणाऱ्या विद्वानाने उभा केलेला माणूस मात्र साधा पुणेरी कारकून!

मी हे घर पुस्तकाआधी पडद्यावर पाहिले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झाले आणि १९७७ च्या सुमारास चिमणरावांची मालिका आली. काडीपैलवान चिमणराव दिलीप प्रभावळकर, धिप्पाड गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आम्ही तेव्हा परळच्या चाळीत राहत होतो. मजल्यावर टीव्ही एकच. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पुरुषमंडळी कॉटवर, आम्ही पोरे जमिनीवर आणि बायका दाराशी उभ्या.

वडील गिरणीच्या कचेरीत कारकून होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्यासमोर मोठ्याने हसणेसुद्धा आगाऊपणात जमा. आणि इथे पडद्यावर एक कारकून बाप मोठा आव आणून काहीतरी करायला निघतो नि तोंडघशी पडतो. तो पडणार हे बायकोला आधीपासून ठाऊक! हसू फुटले तसे मी चोरून वडिलांकडे पाहिले. ते पोट धरून हसत होते. दारातल्या आईने तोंडाला पदर लावला होता.

घरी आल्यावर त्यावर कुणी अवाक्षर काढले नाही. पण पुढे कधी वडिलांनी लालबाग मार्केटातून स्वस्तात म्हणून आणलेले आंबे आतून नासके निघाले, की आई म्हणायची, "आणलेत का चिमणरावांनी?" आणि वडील ते चालवून घेत. ज्या घरात ताटातल्या मिठावरून आवाज चढायचा, तिथे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

हे कशाने घडले याचा विचार मी लिहू लागल्यावर केला. चि. विं.च्या कथा चिमणराव स्वतः सांगतो. आपण किती व्यवहारी, किती धीराचे, हे तो मनापासून सांगत असतो आणि आपल्याला दिसत असते वेगळेच. हसू येते ते या दोहोंमधल्या फटीतून. कुणी टाळी मागून विनोद केलेला नसतो. शिवाय गोष्ट त्याच्याच तोंडची असल्याने आपण त्याच्या बाजूचे असतो. पडद्यावर निवेदनाची ही सोय तशीच्या तशी आणता येत नाही. तिथे सगळा भार प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर होता आणि त्यांनी तो पेलला. आजच्या काही विनोदी कार्यक्रमांत कुणाच्या जाडीला, कुणाच्या रंगाला, नाहीतर साडी नेसलेल्या पुरुषाला हसायचे असते. तिथे माणूस कोण आहे याने काहीच फरक पडत नाही. कुणालाही उभे करा!

(बँकेत मी ज्या ज्या शाखेत गेलो, तिथे एक गुंड्याभाऊ होताच. "साहेब, ते माझ्यावर सोडा," म्हणणारा. लेजर जुळेना की तो हमखास पुढे सरसावे आणि मग सगळी शाखा रात्री नऊपर्यंत बसे.)

माझा नातू 'द सिम्पसन्स' बघतो. अमेरिकेत १९८९ साली मालिका म्हणून सुरू झालेले हे पिवळ्या माणसांचे कार्टून आधी मला पोरखेळ वाटले. मग शेजारी बसून पाहिले. बाप होमर अणुवीज केंद्रात नोकरीला, खादाड, आळशी. त्याच्या डोक्यात आलेली प्रत्येक अक्कल घराला महागात पडते आणि निस्तरायला बायको मार्ज आहेच. मॅट ग्रेनिंग यांनी होमर, मार्ज, लिसा, मॅगी ही नावे आपल्याच आईवडिलांची नि बहिणींची घेतली. चि. विं.नी पाखरांची घेतली, एवढाच फरक. ते कार्टून टिकले ते चित्रांमुळे नव्हे. होमर आता काय करणार हे आपल्याला ठाऊक असते आणि तरीही ते बघायचे असते.

मात्र कार्टूनमधला बार्ट इतक्या वर्षांनंतरही दहा वर्षांचाच आहे. आमचा चिमणराव वयात आला. २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. एकेकाळचा तो बाप इथे आजोबा झाला होता. आबा टिपरे रोजनिशी लिहीत, म्हणजे गोष्ट पुन्हा घरातल्याच माणसाच्या तोंडची. आता धडपड मुलाची नि नातवंडांची, आणि आबा ती शांतपणे वहीत उतरवणार.

आम्ही तोवर दादरला राहायला आलो होतो. वडील पंचाहत्तरीला टेकलेले, कानांनी कमी ऐकू येणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांना ओळखले.

"पिकला की रे हा," एवढेच म्हणाले आणि मला आवाज वाढवायला सांगितला.