मनी प्लांटची पिवळी पाने
बदलीच्या नोकरीत सामान बांधताना मोठ्या कुंड्या मागे राहतात. मनी प्लांटची वीतभर फांदी मात्र ओल्या कापडात गुंडाळून नव्या गावी पोहोचते. अशी जपलेली वेल एके दिवशी पिवळी पडू लागली, की घरातील सारेच हळहळतात. ही वेल वाढली की घरात पैसा वाढतो, या समजुतीमुळे एखाद्याच्या मनात शंकेची पालही चुकचुकते. मग लगबगीने तांब्याभर पाणी घातले जाते. अनेकदा या उपायानेच दुखणे बळावते.

‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे शास्त्रीय नाव असलेली ही वेल मूळची दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाची. तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडीतील माती सतत चिखलासारखी राहिली, तर मुळे गुदमरून कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे मुबलक पाण्यातही वेल तहानलेली दिसते. पाणी कमी पडले तरी पाने माना टाकतात आणि जास्त झाले तरीही. म्हणूनच उपचारापूर्वी निदान हवे.

त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. माती कोरडी आणि कुंडी उचलण्यास हलकी असेल, तर वेल खरोखरच तहानलेली आहे. तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी घालावे. याउलट माती ओली, खालची पाने पिवळी आणि वास कुबट असेल, तर ती मूळकूज समजावी. वेल अलगद बाहेर काढून काळपट, लिबलिबीत मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत; पांढरट, टणक मुळे राखावीत. माती, कोकोपीट आणि जाडी वाळू यांच्या नव्या मिश्रणात वेल लावावी. यापुढे वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. बुंध्याजवळचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळाले, तर मात्र काळजीचे कारण नाही.

पानांवरील सोनेरी छटा फिकी होऊन दोन पानांमधील अंतर वाढले, तर प्रकाश अपुरा आहे. कुंडी खिडकीजवळ सरकवावी. पानांवर करपल्यासारखे डाग दुपारच्या थेट उन्हाने पडतात. टोके तपकिरी होण्यामागे वारंवार सुकणारी माती किंवा खतांचे साचलेले क्षार असू शकतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण होत. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बोळ्याने ते पुसावेत आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

बाटलीतील वेलीबाबत दक्षता अधिक हवी. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची मादी अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी बदलून बाटली आतून घासणे आवश्यक आहे. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्याने ती चघळल्यास तोंडाची आग होते. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून वेल दूर ठेवावी.

या वेलीला सहसा फूल येत नाही. फुलण्यास लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही, म्हणून बीही नाही. घरोघरची वेल कुणीतरी दिलेल्या फांदीतूनच वाढलेली असते. सारी मुळे कुजली, तरी आशा सोडू नये. शेंड्याकडील एक निरोगी पान आणि त्याखालचे पेर राखून फांदी छाटावी आणि पेर पाण्यात बुडेल अशी ठेवावी. काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात. आधीच्या गावाहून आणलेली वेल अशा रीतीने घरात टिकून राहते.