पेनड्राइव्हच्या खेपा आणि एक सामायिक फोल्डर
लेखमाला : दुकानातलं नेटवर्क – भाग ६

जुलैचा शेवटचा आठवडा. बीड, गेवराई, माजलगाव, केज, तालुक्याचं गाव कुठलंही असो, सेवा केंद्राच्या पायरीवर चपलांचा ढीग पडलेला असतो. खरीप पीकविम्याची मुदत सहसा ३१ जुलैला संपते. आत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. ज्या जिल्ह्यानं २०२० मध्ये पीकविम्याला ‘बीड पॅटर्न’ हे नाव दिलं, तिथं हे पाच कागद म्हणजे वर्षभराचा आधार.

केंद्रात संगणक चार आणि स्कॅनर एक. स्कॅन झालेला सातबारा पेनड्राइव्हवर घालायचा, पेनड्राइव्ह उपसून पलीकडच्या टेबलावर द्यायचा, तिथं फाइल उतरवायची, पेनड्राइव्ह परत आणायचा. “माझा कागद चढला का हो?” असं कुणी विचारलं की ऑपरेटर म्हणतो, “पेनड्राइव्ह तिकडं गेलाय काका, येऊ द्या.” एक रुपयात विमा होता त्या काळात विमा कंपनीकडून केंद्राला एका अर्जामागे ४० रुपये मिळत. दिवसाला किती अर्ज निघाले, त्यावरच सगळी कमाई. दिवसातले कितीतरी तास या खेपांमध्ये जातात. वर पेनड्राइव्हमधून शिरणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ निराळाच. तो आला की सगळी फोल्डरं जागच्या जागी शॉर्टकट होऊन बसतात, आणि बाहेर माणसं ताटकळत असताना संगणक साफ करत बसावं लागतं.

गेल्या भागात चारही संगणक तारेनं एका स्विचला जोडून झाले. रस्ता तयार आहे, आता त्यावरून फाइल न्यायची. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फोल्डर ‘शेअर’ करण्याची सोय विंडोजमध्ये १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून आहे. त्यामागची बोली, म्हणजे एसएमबी, त्याहून जुनी. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती १९८३ च्या सुमारास रचली. पुढं ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती बाहेरून निरखून ओळखली आणि युनिक्सच्या संगणकांना शिकवली. त्यातून ‘सांबा’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं. त्यामुळे दुकानात एखादा संगणक लिनक्सवर चालत असला, तरी तो या फोल्डरपर्यंत पोहोचतो.

शेअर केल्यानं फोल्डर कुठं जात नाही. स्कॅनरवाल्या संगणकाच्या डिस्कवर ते असतं तिथंच राहतं, बाकीच्यांना फक्त त्याचं दार उघडून मिळतं. पलीकडच्या संगणकावर दोन बॅकस्लॅश, त्या संगणकाचं नाव, पुन्हा एक बॅकस्लॅश आणि फोल्डरचं नाव लिहिलं की दार समोर येतं. रोज लिहायचा कंटाळा असेल तर त्याला झेड ड्राइव्ह म्हणून कायमचं जोडून ठेवावं. काही जण नावाऐवजी १९२.१६८.१.५ असा पत्ता लिहितात. पण हे पत्ते राउटर वाटतो. वीज जाऊन आली की दुसराच पत्ता हाती पडू शकतो आणि काल चालणारं दार आज सापडत नाही. म्हणून नाव वापरावं, नाहीतर राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवावा.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की याला इंटरनेट लागत नाही. रस्त्याच्या कामात फायबर तुटली, पोर्टल गोल गोल फिरत बसलं, तरी स्विचवरचे संगणक एकमेकांशी बोलतच असतात. तेवढ्या वेळात एकानं कागद स्कॅन करायचे, दुसऱ्यानं तपासून नावं द्यायची. पोर्टल उघडलं की गठ्ठा तयार. फाइलला नुसतं शेतकऱ्याचं नाव देऊ नये. एकाच गावात एकाच नाव-आडनावाची तीन माणसं सहज निघतात. गाव, गट क्रमांक आणि मग नाव, असा क्रम ठेवला तर एकाचा सातबारा दुसऱ्याच्या अर्जाला लागत नाही. इन्व्हर्टरवर मात्र स्कॅनरवाला संगणक आणि स्विच दोन्ही हवेत. हा संगणक झोपी गेला की चौघांचंही काम थांबतं, त्यामुळे त्याची ‘स्लीप’ बंद करून ठेवायची.

खरी अडचण पुढं येते. नवा संगणक आणला, त्यात विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आहे, आणि जुन्या संगणकांवर बिनबोभाट उघडणारं फोल्डर त्यावर उघडत नाही. पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देता प्रवेश मिळणार नाही. दुकानदार चक्रावतो, कारण त्याची कुठली संस्था आणि कसलं धोरण! झालेलं असतं ते असं. जुन्या संगणकांवर कुणीतरी पासवर्डची अट काढून टाकलेली असते, म्हणजे येणारा प्रत्येक जण ‘पाहुणा’ म्हणून आत. विंडोजची नवी प्रो आवृत्ती अशा बिनओळखीच्या दारातून स्वतःहून जायला नकार देते. हा नकार मोडून काढण्याचे उपाय शोधले की लगेच सापडतात, आणि दुरुस्तीला आलेला मुलगा दोन मिनिटांत ते करूनही देतो. ते करू देऊ नये. स्कॅनरवाल्या संगणकावर ‘ऑपरेटर’ नावाचं एक साधं खातं काढावं, त्याला पासवर्ड द्यावा आणि बाकीच्या संगणकांवर तेच नाव-पासवर्ड एकदाच भरून ‘लक्षात ठेव’ म्हणावं.

इथं दोन ठेचा हमखास लागतात. पहिली, पिनची. सकाळी संगणक उघडायला जो चार-सहा आकडी पिन टाकला जातो, तो त्या एकाच यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. दुसरी, कोऱ्या पासवर्डची. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. अर्धा दिवस डोकं खाणाऱ्या तक्रारी बहुतेक या दोनच असतात. त्याखेरीज नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ लागलेला असेल तर फायरवॉल दार झाकून ठेवते. दुकानातल्या तारेच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ करायचं.

आता परवानगी. ॲडव्हान्स्ड शेअरिंगच्या खिडकीत ‘एव्हरीवन’ हे नाव आधीच बसलेलं असतं, आणि घाईत त्याच्यापुढं ‘फुल कंट्रोल’ची खूण केली जाते. एव्हरीवन काढून तिथं ‘ऑपरेटर’ आणावा. शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्ये फोल्डरची आणखी एक परवानगी असते. दोन्हींमध्ये जी कडक, तीच नेटवर्कवरून लागू होते. त्यामुळे एकीकडे मुभा देऊनही फाइल जतन होत नसेल, तर दुसरीकडे पाहावं.

एवढी काळजी कशाला, असं वाटणाऱ्यानं फोल्डरमध्ये काय आहे ते एकदा उघडून बघावं. शेकडो माणसांची आधार कार्डं, खाते क्रमांक, सह्या, अंगठे. एक रुपयाच्या विम्यात परस्पर भरलेल्या बोगस अर्जांची चौकशी झाली, तेव्हा बीडचं नाव वारंवार पुढं आलं. असा अर्ज करायला दुसऱ्याचे कागदच तर लागतात. आणि बऱ्याच केंद्रांत वाट पाहणाऱ्यांना वाय-फायचा पासवर्ड सांगितलेला असतो. तो वाय-फाय त्याच राउटरचा, म्हणजे बाकावर बसलेल्या माणसाचा मोबाइलही त्याच नेटवर्कवर, एव्हरीवनच्या दारासमोर. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. गिऱ्हाइकांना ते द्यावं. मोबाइलला इंटरनेट मिळतं, फोल्डर दिसत नाही.

उघड्या दाराची किंमत मोठ्यांनीही मोजली आहे. एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतली खोट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्याकडं १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ शिरला. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. रायगडच्या किनाऱ्यावर कंटेनर अडकून पडले. त्यानंतर नव्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती मुळातूनच बंद असते. जुना झेरॉक्स-स्कॅनर चालावा म्हणून कुणी ती पुन्हा सुरू करायला सांगितलं, तर त्या यंत्राची यूएसबीची तार वापरावी, पण ती आवृत्ती जागी करू नये.

रोजच्या वापरात आणखी एक गोष्ट चटका लावून जाते. आपल्याच संगणकावरची फाइल खोडली तर ती रीसायकल बिनमध्ये सापडते. दुसऱ्याच्या शेअर केलेल्या फोल्डरातली खोडली तर ती बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आष्टीहून किंवा वडवणीहून बस धरून आलेल्या माणसाला ‘कागद पुन्हा आणा’ असं सांगायची वेळ यातूनच येते. संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसाचं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायला दहा मिनिटं पुरतात, आणि ती हार्डडिस्क उपसून कपाटात ठेवायची, जोडून ठेवायची नाही.

मुदत संपली, पावत्या वाटून झाल्या, की या फोल्डरचं काम उरत नाही. तरी बऱ्याच ठिकाणी तीन-तीन हंगामांचे कागद तसेच पडून असतात, ‘पुढच्या वर्षी लागतील’ म्हणून. सातबारा पुढच्या वर्षी नवाच लागतो. काम संपल्यावर माहिती साठवून ठेवू नये, हाच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचाही रोख आहे. ऑगस्टच्या एखाद्या निवांत दुपारी पावत्यांचं फोल्डर वेगळं काढावं आणि आधार, पासबुकं, अंगठे आपल्या डिस्कवरूनही पुसावेत, कपाटातल्या हार्डडिस्कवरूनही.

(पुढच्या भागात : एक प्रिंटर, चार संगणक)